जोडी केव्हा जमते? : संगणकातील ग्राफिक्स कार्डांविषयी एक विचार

संगणकाचे काम मंदावू लागले की त्याच्या मालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. आहे त्याच जातीचे आणखी एक ग्राफिक्स कार्ड आणून पहिल्याच्या शेजारी बसवावे, ही एक वाट. जुने काढून त्याच्या जागी एकच मोठे कार्ड घ्यावे, ही दुसरी. पहिली वाट स्वस्त वाटते, कारण जुन्या वस्तूवर घातलेला पैसा तीत फुकट जात नाही. दुसरी अंगावर येते. प्रस्तुत लेखात या दोहोंपैकी कोणती केव्हा धरावी, याचा विचार मी करणार आहे.

हा विषय विज्ञान शाखेच्या मुलांना शोभेल, कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांना माझे उत्तर असे की, आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला म्हणजे वडशाच्या नाटक मंडळ्यांची जाहिरातपत्रके, गाण्यांच्या चित्रफिती आणि प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणे तयार करण्याचे काम अनेक तरुणांच्या हाताला मिळते. त्यांतील पुष्कळसे कला शाखेचेच विद्यार्थी आहेत. भूगोलाचे विद्यार्थी उपग्रहाच्या प्रतिमांवरून नकाशे तयार करतात, तेही याच यंत्रावर. शिवाय दहा-वीस हजार रुपयांची खरेदी ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतील घरात लहान गोष्ट नव्हे. तेव्हा हा निर्णय दुकानदाराच्या बोलण्यावर सोडून चालणार नाही.

प्रथम ग्राफिक्स कार्ड करते काय, ते पाहू. संगणकाच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू झाले. हलते दृश्य डोळ्यांना सलग वाटावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढावयाची म्हटली, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर हुशार असतो, परंतु त्याचे हात थोडे. ग्राफिक्स कार्डात साधी गणिते करणारे शेकडो-हजारो लहान घटक एकाच वेळी राबत असतात. धानाची रोवणी चालू असताना बांधावर एक जाणता माणूस उभा असतो आणि बांधीत रोवणाऱ्या बायांची रांग असते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. मग रोवणारे हात दुप्पट केले तर रोवणी निम्म्या वेळात व्हावी, हा हिशेब सहजच सुचतो.

तो जगालाही सुचला होता. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने व्हूडू-२ नावाचे कार्ड काढले. अशी दोन कार्डे तारेने जोडली म्हणजे चित्रातील एकाआड एक ओळी दोघे वाटून घेत. एक सम ओळी काढी, दुसरे विषम. एका कार्डाला जेथे ८०० गुणिले ६०० बिंदूंची मर्यादा होती, तेथे जोडीला १०२४ गुणिले ७६८ पर्यंत जाता येत असे. १९९९ मध्ये एटीआय कंपनीने एकाच पट्टीवर दोन चिपा बसवून निराळी वाटणी केली : पहिले चित्र एकीने काढावे, दुसरे दुसरीने, तिसरे पुन्हा पहिलीने. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता पुढे एनव्हिडिया कंपनीकडे गेली. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय या जुन्याच आद्याक्षरांखाली, आणि एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर या नावाखाली, दोन कार्डे जोडण्याची सोय बाजारात आणली. त्यानंतर सुमारे दहा वर्षे दोन कार्डांचा संगणक ही प्रतिष्ठेची वस्तू होती.

आज ती सोय जवळजवळ नामशेष झाली आहे. एनव्हिडियाच्या २०१६ मधील जीटीएक्स १०६० या लोकप्रिय कार्डावर जोडणीचा खाचाच ठेवलेला नव्हता. २०२० च्या मालिकेत फक्त सर्वांत महाग अशा ३०९० या कार्डाला जोडणी उरली, आणि २०२२ च्या ४०९० ला तीही राहिली नाही. जुन्या कार्डांसाठी नव्या खेळांची एसएलआय जुळणी करून देण्याचे काम कंपनीने १ जानेवारी २०२१ पासून थांबविले. दुसऱ्या पक्षानेही क्रॉसफायरचा नाद सोडला. एवढा गाजावाजा झालेली गोष्ट अशी का बुडाली, हे समजले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

आपल्याकडील वाचकांना शंकरपटाचा दाखला चटकन पटेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पटावर बंदी घातली होती. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि आता तो राजरोस भरतो. दाणीवर धावणारी जोडी पाहणारा कोणीही सांगेल, की एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा जरा मंद असला तर छकडा मंद बैलाच्याच चालीने जातो. किंबहुना वाकडा जातो. दोन कार्डांचे नेमके हेच होते. एकाआड एक चित्र काढावयाचे म्हटले म्हणजे दोघांची पावले जुळली पाहिजेत. समजा, एक चित्र ६ मिलिसेकंदांनी आले आणि पुढचे २७ मिलिसेकंदांनी. सरासरी काढली तर सेकंदाला ६० चित्रे भरतात, कागदावर सारे उत्तम, पण डोळ्यांना दृश्य अडखळताना दिसते. शिवाय आजच्या खेळांत पुढचे चित्र काढताना मागच्या चित्रातील माहिती लागते. ती एका कार्डातून दुसऱ्यात नेण्यात जो वेळ जातो, त्यात वाटणीचा लाभ विरून जातो.

दुसरी अडचण स्मृतीची, आणि तिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. ४ जीबी स्मृतीची दोन कार्डे लावली तर ८ जीबी मिळतात, असे विकणाराही सांगतो आणि घेणाराही समजतो. तसे होत नाही. दृश्यातील सर्व सामग्री, म्हणजे आकृत्या, पोत, प्रकाश, हे दोन्ही कार्डांना आपापल्या जवळ पूर्ण ठेवावे लागते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन विद्यार्थ्यांनी घेतल्या म्हणून घरात दोन वेगळी पुस्तके आली असे आपण म्हणत नाही. जोडीची उपयोगी स्मृती ४ जीबीच राहते. संगणक स्मृती कमी पडल्यामुळे अडत असेल, तर तशीच आणखी दहा कार्डे लावूनही तो अडणारच.

तिसरी अडचण माणसांची आहे. ही वाटणी आपोआप होत नसे. प्रत्येक खेळासाठी कोणीतरी ती बसवून द्यावी लागे. आधी कार्डांच्या कंपन्या ते काम करीत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स-१२ ही प्रणाली आली, तेव्हा ते ओझे खेळ लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर गेले. दोन कार्डे बाळगणारे गिऱ्हाईक मूठभर. त्यांच्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार? बहुतेकांनी घेतले नाहीत, आणि त्यांना दोष देता येईल असे मला वाटत नाही.

यावर चंद्रपूरचा मनुष्य एक आक्षेप घेईल, आणि तो विचार करण्यासारखा आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच प्रथम उभे राहिले, त्यानंतर ५०० मेगावॅटचे पाच. तेथे दोन लहान संचांचे ४२० मेगावॅट खरोखरच ४२० होतात. पहिले दोन जुने संच निवृत्त झाल्यावर केंद्राची क्षमता ३,३४० वरून २,९२० मेगावॅटवर आली, साध्या वजाबाकीने. संच जोडले तर बेरीज होते, मग कार्डे जोडली तर का होऊ नये? उत्तर असे की, संचांपुढील काम मुळातच लाखो तुकड्यांचे आहे. बल्लारपूरचा दिवा आणि भद्रावतीचा पंखा यांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाही. सर्व संच एकाच तालावर, सेकंदाला ५० आवर्तनांनी, वीज देत राहिले की पुरे. एक संच दुरुस्तीसाठी बंद ठेवला तरी दुसरा चालतो, हा फायदा वेगळाच. खेळातील चित्र मात्र एकसंध असते. त्याचे उत्तरार्धाचे काम पूर्वार्धावर अवलंबून असते. म्हणजे यंत्रे किती आहेत हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्यांच्यापुढील काम फोडता येते काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

ज्यांचे काम फोडता येते त्यांना दोन कार्डांचा पुरेपूर लाभ होतो, हेही तितकेच खरे आहे. याचे प्रसिद्ध उदाहरण २०१२ मधील आहे. टोरांटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन या तिघांनी सुमारे १२ लाख छायाचित्रे दाखवून संगणकाला वस्तू ओळखावयास शिकविले. त्यांची न्यूरल नेटवर्क नावाची रचना एका कार्डाच्या ३ जीबी स्मृतीत मावेना. तेव्हा त्यांनी तिचे दोन भाग करून जीटीएक्स ५८० या खेळांसाठीच विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर ते ठेवले. शिक्षण पाच ते सहा दिवस चालले आणि त्या वर्षीची मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचा उगम पुष्कळ जण येथे मानतात. येथे दोन कार्डांची स्मृती खरोखर बेरजेला आली. परंतु ध्यानात घ्यावे, की ती वाटणी त्या संशोधकांनी स्वतः आखून लिहिली होती. कार्डे शेजारी बसविल्याने ती झाली नव्हती. आज घरच्या संगणकावर मोठी भाषा-प्रारूपे चालविणारे लोकही त्यांचे थर दोन कार्डांत वाटून ठेवतात, आणि त्यासाठीच्या तयार प्रणाली आता मिळतात.

दुसरे उदाहरण आपल्या जंगलातले आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे निघाली. वाघांची त्यांतली ७६,६५१. बाकीच्यांत चितळ, रानडुक्कर, गुरे, गुराखी, आणि वाऱ्याने हललेले गवत! ताडोबा-अंधारीसारख्या प्रकल्पात असा ढीग निवडावयाचा असला तर प्रत्येक छायाचित्र हा स्वतंत्र तुकडा असतो. निम्मा ढीग एका कार्डाला, निम्मा दुसऱ्याला दिला, की वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यांत कोणी कोणाची वाट पाहत नाही. चंद्रपूरला माझे एक परिचित अशीच छायाचित्रे निवडण्याचे काम करतात. त्यांनी दुसरे कार्ड घेतले, आणि त्यांच्या बाबतीत तो निर्णय सोळा आणे योग्य होता. ब्लेंडरसारख्या प्रणालीत त्रिमितीय दृश्ये रंगविणाऱ्यांचेही असेच. दोन कार्डे एकाच चित्राचे काम वाटून घेतात, अगर दोन वेगळी चित्रे काढतात, आणि त्यासाठी जोडणीची तारही लागत नाही. अट एवढीच की, सर्वसाधारणपणे संपूर्ण दृश्य प्रत्येक कार्डाच्या स्मृतीत मावले पाहिजे.

आता माझा स्वतःचा हिशेब मांडतो, कारण आकड्यांशिवाय हा विषय हवेत राहील. माझ्याकडे जीटीएक्स ९७० हे २०१४ सालचे कार्ड होते. स्मृती ४ जीबी. त्यातलाही शेवटचा अर्धा जीबी संथ. मला नाटकांच्या चित्रफितींचे संपादन करावयाचे असते, आणि वर्षातून थोडे दिवस शीर्षकांसाठी त्रिमितीय अक्षरे. नागपूरच्या बाजारात तसेच दुसरे जुने ९७० मला साडेपाच हजारांत मिळत होते आणि वापरलेले आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे, सतरा हजारांत. सतरा हजार म्हणजे आमच्या घरातील चार माणसांनी मे महिन्याच्या उन्हात तोडलेल्या तेंदूपत्त्याची जवळजवळ सगळी मजुरी. आई म्हणाली, “आहे त्यात एक जोडून भागत असंल तर भागव ना बापू.” तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रश्न इतकाच होता, की भागते काय.

संपादनासाठी मी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या प्रणालीची विनामूल्य आवृत्ती वापरतो. ती एकच ग्राफिक्स कार्ड वापरते. एकाहून अधिक कार्डांची सोय विकतच्या आवृत्तीत आहे. म्हणजे माझ्या मुख्य कामाला दुसरे कार्ड शून्य उपयोगाचे ठरले असते. शिवाय ४के चित्रण संपादनास घेतले की माझा संगणक स्मृती संपल्याची सूचना देऊन थांबत असे, आणि स्मृती तर दुसऱ्या कार्डाने वाढणार नव्हती. साडेअकरा हजार वाचवून मी साडेपाच हजार घालविले असते. विजेचा हिशेब जोडला तर फरक आणखी वाढतो. एक ९७० पूर्ण भारावर सुमारे १४५ वॅट घेते, दोन मिळून २९०. ३०६० घेते १७०. फरक १२० वॅटचा. रोज सहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर २१६ युनिटे झाली. दोन कार्डांसाठी संगणकाचा ५५० वॅटचा पॉवर सप्लायही अपुरा पडला असता, तो खर्च निराळा. वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता जो ६०० व्हीएचा यूपीएस अनेकांच्या घरी असतो, तो साधारणतः ३६० वॅट पेलतो. दोन कार्डे, प्रोसेसर आणि पडदा मिळून त्याच्या आवाक्याबाहेर जातात. आमच्या गावाकडे ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

उष्णतेचे प्रकरण तर आपल्या जिल्ह्यांना विशेष लागू आहे. इंग्रजी मासिकांतील चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपर्यंत जातो. कार्ड ८३ अंशांच्या आसपास तापले म्हणजे स्वतःचा वेग आपणच कमी करते. खोलीच जेथे चाळीस अंशांवर, तेथे ही मर्यादा लवकर गाठली जाते. त्यात दोन कार्डे एकाखाली एक बसविली, की खालच्याने सोडलेली गरम हवा वरचे कार्ड ओढून घेते. जोडीतील एक असे मंदावले की शंकरपटाचा न्याय पुन्हा लागू! ज्यांना दोन कार्डे लावणे भागच आहे त्यांनी दोहोंत निदान एका खाचेचे अंतर ठेवावे, पेटीला पुढून हवा आत घेणारे पंखे बसवावेत आणि मोठी कामे रात्री चालवावीत. माझे चंद्रपूरचे परिचित तसेच करतात. उन्हाळ्यात त्यांचा संगणक दिवसा झोपतो.

खरेदीपूर्वी एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी. तिला पैसा पडत नाही. नेहमीचे काम चालू ठेवून विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबते, त्याची स्मृती किती भरली आहे आणि प्रोसेसर किती राबतो, हे तीन आकडे वहीत टिपावे. कार्ड चाळीस टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर एक कार्ड घ्या की दोन, काम तसूभरही हलणार नाही. स्मृती काठोकाठ भरली असेल तर मोठ्या स्मृतीचे एकच कार्ड हवे. कार्ड सतत शंभरावर, स्मृती निम्मी मोकळी आणि काम सुट्या तुकड्यांचे असेल, तरच दुसऱ्या कार्डाचा विचार करावा. त्या वेळी मदरबोर्डाची पुस्तिकाही उघडून पाहावी. कित्येक स्वस्त मदरबोर्डांवर दुसरी खाच लांबीला पहिलीएवढीच दिसते, पण आतून तिला चारच वाहिन्या जोडलेल्या असतात; एनव्हिडियाच्या एसएलआयला निदान आठ लागत. छायाचित्रे निवडण्यास किंवा त्रिमितीय दृश्ये रंगविण्यास चार वाहिन्याही बहुधा पुरतात, कारण तेथे माहिती एकदा आत गेली की कार्ड बराच वेळ आपल्यापुरते राबत असते.

जुनी कार्डे घेणाऱ्यांना आणखी एक सांगावयाचे आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर त्याचे ‘खाणकाम’ करणे बंद पडले. तोवर एकेका चौकटीत पाच-सहा कार्डे रात्रंदिवस राबविली जात होती; फोडता येणाऱ्या कामाचा तोही एक नमुनाच. ती कार्डे मग जुन्या बाजारात आली. त्यांतील सगळी वाईट असतात असे नाही, परंतु पंखे झिजलेले असू शकतात. अर्धा तास भारावर चालवून, पंख्याचा आवाज कानाने ऐकूनच पैसे द्यावे. मी तसेच केले आणि ३०६० घेतले. ४के चित्रणावर संगणक आता थांबत नाही, आणि त्या हंगामात दोन मंडळ्यांच्या गाण्यांचे काम मी वेळेत देऊ शकलो.

जुने ९७० काढून टाकावे की नव्याच्या शेजारीच राहू द्यावे, हा प्रश्न उरला होता. शीर्षकांची अक्षरे रंगविण्यास त्याचा थोडा हातभार लागला असता, कारण ब्लेंडरला दोन निराळी कार्डेही चालतात. परंतु एनव्हिडियाने ९०० आणि १००० या मालिकांसाठी नित्याची ड्रायव्हर-सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविली. यापुढे त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. दोन्ही कार्डे एकाच ड्रायव्हरवर चालतात. म्हणजे जुने ठेवले की नव्यालाही जुन्याच ड्रायव्हरवर अडकून राहावे लागते. तेव्हा ते मी चार हजारांना प्रथम वर्षाच्या एका मित्राला दिले. तो भिंतीपत्रके आणि नाटकांची जाहिरातपत्रके तयार करतो. त्याच्या संगणकात आधी कार्डच नव्हते.